लदेणीचा रस्ता

हैदराबादेत बंजाऱ्यांच्या लदेणीचं स्वतंत्र संग्रहालय असावं, असं आज माझं ठाम मत आहे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून दख्खनभर चालणारी त्यांची जुनी मालवाहतूक. काही वर्षांपूर्वी हीच कल्पना आमच्या शाळेतल्या एका बंजारा सहकाऱ्यांनी शिक्षकखोलीत मांडली, तेव्हा मी तिला विरोध केला होता. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईचा विरोध होता तो. त्याला माझ्यापुरती कारणं होती. मसाब टँकला आदिवासी संग्रहालय आहेच, तिथे लंबाड्यांचे, म्हणजे बंजाऱ्यांचेच, कपडे-दागिने ठेवलेले आहेत, मग आणखी वेगळं कशाला? दुसरं, ज्यांनी किल्ला बांधला नाही, नाणं पाडलं नाही, बखर लिहिली नाही, त्यांच्या संग्रहालयात ठेवणार तरी काय? आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं. गरिबी काचेच्या कपाटात मांडून ठेवू नये. तांड्यातल्या मुलामुलींनी शिकून पुढे जावं, मागे बघत बसू नये.

त्या सरांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही गोवळकोंड्याचा वेढा शिकवता. आठ महिने औरंगजेबाची फौज खात काय होती, ते शिकवता का?"

शिकवत नव्हते. अभ्यासक्रमात नव्हतं. त्यांच्या प्रश्नाकडे मी वळले ते बरंच पुढे, आणि तेही फार लांबच्या वाटेने.

माझी मुलगी अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ हिल्सबरोला असते. तिच्याकडे असताना आम्ही मोटारीने पूर्वेला बेकर सिटीपर्यंत गेलो होतो. तिथे फ्लॅगस्टाफ हिल नावाच्या टेकडीवर ओरेगन ट्रेलचं संग्रहालय आहे. 1840 ते 1860 च्या दशकांत मिसुरी नदीच्या काठावरून निघून, बैल जुंपलेल्या छपराच्या गाड्या घेऊन, पश्चिम किनाऱ्याकडे गेलेल्या कुटुंबांची ही कथा. वाट सुमारे 3,200 किलोमीटरची. या आणि जोडीच्या वाटांनी तीन-चार लाख माणसं गेली. गाडी सामानाने भरलेली, त्यामुळे बहुतेक जण पायीच चालत. पटकीने माणसं वाटेत मेली आणि वाटेतच पुरली गेली. संग्रहालयात पूर्ण आकाराच्या गाड्या, बैल, चालणाऱ्या बायका उभ्या केल्या आहेत. टेकडीच्या पायथ्याशी त्या गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दीडशेहून अधिक वर्षांनंतरही दिसतात. लोक टेकडी उतरून जातात आणि नुसते त्या चाकोऱ्यांपाशी उभे राहतात.

खरं सांगायचं तर माझ्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या रहदारीचं हे एवढं कौतुक, असं वाटलं. शिवाय ही माणसं ज्या जमिनीकडे निघाली होती, ती रिकामी नव्हती, हे मनातून जात नव्हतं.

परतीच्या वाटेवर पेंडलटनजवळ आणखी एक संग्रहालय लागलं, टमास्टस्लिक्ट नावाचं. कायूस, उमाटिला आणि वाला वाला या तिथल्या मूळ जमातींनी ते स्वतः 1998 मध्ये उभं केलं आहे. तोच रस्ता, त्याच गाड्या. पण पाहणारा डोळा ज्यांच्या कुरणांतून त्या गेल्या त्यांचा. 1855 च्या तहात या तीन जमातींनी 64 लाख एकर जमीन गमावली, तेही तिथे आहे. या संग्रहालयाचे तीन भाग आहेत: आम्ही होतो, आम्ही आहोत, आम्ही असू. या लोकांनीही किल्ले बांधले नव्हते. नाणी पाडली नव्हती. बखरी लिहिल्या नव्हत्या. तरी तिथे ठेवण्यासारखं इतकं होतं की आम्ही बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथून हललो नाही. माझं दुसरं कारण तिथेच निकालात निघालं.

हैदराबादला परतल्यावर मी सरांचा प्रश्न हातात घेतला. 1687 चा वेढा आपण फितुरीच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवतो: अब्दुल्ला खान पनीने दरवाजा उघडला आणि किल्ला पडला. पण त्या पावसाळ्यात मांजरा नदीला पूर आला, रसद अडली आणि मोगलांच्या छावणीत उपासमार झाली, हेही त्याच वेढ्यात घडलं. एवढ्या फौजेचं पोट कोण भरत होतं? उत्तर दख्खनच्या सगळ्या मोहिमांना एकच आहे: बंजाऱ्यांचे तांडे. शहाजहानच्या काळात मोगल सरदार आसफ खान दक्षिणेत उतरला, तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नाईकांचे, म्हणजे तांड्यांच्या प्रमुखांचे, 1,80,000 बैल त्याच्या फौजेबरोबर होते, असं बंजारे सांगत आले आहेत. त्याने त्यांना ताम्रपट दिला. तहान लागली तर लोकांच्या रांजणातलं पाणी घ्या, निवाऱ्याला छपराचं गवत घ्या, जिथे आसफ खानाचे घोडे उभे राहतील तिथे तुमचे बैल उभे राहतील, असा त्याचा आशय. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ही हकिकत टिपून ठेवली. बैलांचा आकडा फुगलेला असेल. पण ज्या समाजाला बखर नाही असं मी म्हणत होते, त्याने आपली सनद पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली होती.

परक्या प्रवाशांनी तर डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे. पीटर मंडी या इंग्रजाला 1632 मध्ये उत्तरेत एक तांडा भेटला. धान्य लादलेले 14,000 बैल. दिवसाला जास्तीत जास्त सहा-सात मैलांची चाल. एका बैलावर शंभर किलो धरा, म्हणजे 1,400 टन धान्य. आजच्या मालगाडीचे वीसहून अधिक डबे, चार पायांवर, बायकापोरांसकट चाललेले. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी इथे येणाऱ्या ताव्हर्नियेने लिहिलंय की त्यांचे चार गट होते: एक गहू-ज्वारीसारखं धान्य वाही, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी, चौथा मीठ. अशा तांड्याशी गाठ पडली तर तो सरकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागे.

मीठ हा शब्द वाचून मी थांबले. तेलंगणात समुद्र नाही, मराठवाड्यात नाही, विदर्भात नाही. रेल्वेच्या आधी या सगळ्या मुलखातल्या घराघरांत जे मीठ पोचलं, ते किनाऱ्यावरून घाट चढून कुणाच्या तरी पाठीवरून आलं होतं. परतीच्या खेपेला त्याच गोणीत धान्य जाई. वऱ्हाडचा कापूस अमरावतीहून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला गंगेकाठी जायचा, तोही बैलांच्या पाठीवरून.

लढाया कुणाच्याही असोत, धान्य आणणारे हेच. 1803 मध्ये इंग्रजांचा सेनापती वेलस्ली म्हैसूरकडून निघून अहमदनगर घेऊन असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, तेव्हा त्याची भिस्त बंजाऱ्यांच्या धान्यावर होती. मराठ्यांच्या फौजाही याच लोकांकडून धान्य घेत. दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत, कारण तांडा लुटला तर उद्या आपल्या छावणीकडे कुणी फिरकणार नाही, हे प्रत्येक सरदाराला कळत होतं. मी वर्षानुवर्षं सरदारांची नावं पाठ करून घेतली. नाईकांची नावं मलाच माहीत नव्हती.

हैदराबाद विद्यापीठातले प्राध्यापक भांग्या भुक्या यांनी निजामाच्या राजवटीतल्या लंबाड्यांवर इंग्रजीत एक चांगलं पुस्तक लिहिलं आहे, 2010 मध्ये आलेलं. ते मी निवृत्तीनंतर वाचलं. व्यापारी आणि पशुपालक समाज शेतमजूर कसा झाला, याचा तो हिशेब आहे. मराठीत त्याचा अनुवाद व्हायला हवा. निजामाच्या राज्यात मराठवाडाही होता, ही गोष्ट आपली पण आहे.

या वाचनानंतर गोवळकोंड्याला गेले ती मुद्दाम बंजारा दरवाजा बघायला. गोवळकोंड्याच्या बाहेरच्या कोटाला आठ दरवाजे. फतेह दरवाजातून औरंगजेबाची फौज आत आली, म्हणून तो सगळ्यांना माहीत. पर्यटक मोती दरवाजा, मक्का दरवाजाही शोधतात. त्याच कोटाला एक बंजारा दरवाजा आहे. या शहरात राहून तो मी कित्येकदा ओलांडला असेन. कुतुबशाहीच्या राजधानीच्या एका दरवाजाला हे नाव असावं, यातच शहराचं आणि तांड्याचं नातं काय होतं ते कळतं. किल्ला बांधला नाही म्हणून काय झालं, किल्ल्याला दरवाजा होता त्यांचा.

आता दोन्ही रस्त्यांचा शेवट शेजारी ठेवून बघा. ओरेगनची वाट रेल्वेने संपवली: 10 मे 1869 रोजी अमेरिकेच्या दोन टोकांचे रूळ जोडले गेले. आपल्याकडे मुंबई-ठाणे 1853, नागपूर 1867, आणि 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादपर्यंत निजामाची रेल्वे आली. हजारो बैलांचं काम एक गाडी करू लागली. रेल्वे दोन्हीकडे आली, पण माणसांच्या वाट्याला जे आलं ते अगदी उलट. ओरेगनला पोचलेल्या गोऱ्या माणसाला 1850 च्या कायद्याने 320 एकर जमीन फुकट मिळत होती, नवरा-बायको असतील तर 640. आपल्याकडे 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रांताप्रांतांत पसरत गेला, आणि ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा देशातून जायला 1952 उजाडलं. दोन देश, दोन कायदे, सुमारे वीस वर्षांचं अंतर. तिकडे चालणाऱ्याला जमीन, इकडे चालणाऱ्याला पोलिसाची हजेरी. हे वाचून मला राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

बैल विकले गेले. तांडे रानाच्या कडेला, माळावर थांबले. जी जमीन त्यांनी कसली तीही सुखाने मिळाली नाही. जनगाव भागातल्या धर्मापुरमच्या लंबाड्यांना आपल्या शेतांसाठी विसनूरच्या देशमुखाशी झगडावं लागलं, आणि तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात हे तांडे उतरले. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर दरवर्षी आम्ही मराठी मंडळी कार्यक्रम करतो. त्यात धर्मापुरमचं नाव मी कधी ऐकलं नाही.

सरांच्या आग्रहाने मी देवरकोंड्याकडच्या त्यांच्या तांड्यावरही गेले. त्यांच्या आईने, सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो, पेटीतून आपल्या सासूचा पोशाख काढून दाखवला. मसाब टँकच्या काचेआड असा पोशाख मी पूर्वी पाहिला होता आणि रंगीत आहे, आरशांचा आहे, एवढंच मनात घेऊन पुढे गेले होते. या वेळी तो हातात होता. फेटिया, म्हणजे घागरा, जाड सुताचा. कडेने इतक्या बारीक टाक्यांची शिवण की कापड ताठ उभं राहतं. कांचळीच्या बाहीवर नाणी शिवलेली. एका ओळीत पंचम जॉर्जचा चेहरा असलेल्या चवल्या, तिच्याखाली निजामाचा सिक्का, त्यावर चारमिनार. ब्रिटिश मुलुख आणि निजामाचा मुलुख, दोन्हीकडचा पैसा एकाच बाहीवर. डोक्यावर घागर ठेवायच्या चुंबळीला गोल कवड्या लावल्या होत्या. कवडी मालदीवच्या समुद्रातली. शतकानुशतकं हिंदुस्थानात ती सुट्या पैशासारखी चालत होती. याडींनी एक कवडी बोटाने दाबून दाखवली, पाठ घासून सपाट केलेली, म्हणजे टाका नीट बसतो. बैलाच्या कपाळपट्टीवरही अशाच कवड्या असत, त्यांनी सांगितलं. तांड्यात एक बैल देवाचा असे. त्याच्यावर ओझं लादत नसत. माणूस आजारी पडला की त्याच्या पायाशी नेत.

जो कपडा आम्ही काचेत ठेवून खाली 'वेशभूषा' असं लिहितो, तो व्यापाराची वही आहे. कुठल्या बंदरापर्यंत, कुठल्या राज्यांतून, कुठल्या पैशात, सगळं त्यात शिवलेलं आहे. म्हणूनच माझं पहिलं कारणही टिकलं नाही. आदिवासी संग्रहालय आपलं काम करतं. पण जमातीचं दालन आणि रस्त्याचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंजाऱ्यांना फक्त जमात म्हणून मांडलं की ते नाचताना आणि नटलेले दिसतात; दख्खनचं मीठ, धान्य आणि कापूस वाहणारे म्हणून दिसत नाहीत.

एक बाजू मात्र मी टाळणार नाही. आदिलाबादच्या गोंडांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या जंगलात, त्यांच्या शेतांवर बाहेरून माणसं येऊन बसली. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने ते तपशिलाने नोंदवलं आहे. आलेल्यांत बंजारे होते तसे आमचे मराठी शेतकरीही होते. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातल्या लंबाड्यांना अनुसूचित जमातीत घेतलं, तेव्हापासून हा ताण अधिक वाढला, आणि 2017 मध्ये उटनूर-आदिलाबादकडे तो रस्त्यावर आला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात हेच लोक विमुक्त जातींत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. एकच नातेवाईक मंडळी, तीन राज्यांत तीन दाखले. लदेणीच्या संग्रहालयात गोंडांचं हे म्हणणं त्यांच्याच तोंडून असलं पाहिजे. पेंडलटनला जे पाहिलं त्यावरून मला हे सुचतं. रस्ता चालणाऱ्याचा असतो, तसा ज्याच्या रानातून जातो त्याचाही असतो.

राहिलं तिसरं कारण, मुलांनी मागे बघू नये हे. याडींच्या तांड्यावरच्या मुलांशी बोलले. सेवाभाया, म्हणजे संत सेवालाल महाराज, त्यांना माहीत आहेत, तीजेची गाणी येतात, होळीची लेंगी येते. पण आपले पणजोबा-खापरपणजोबा काय करत, या प्रश्नावर बहुतेकांचं उत्तर एकच: मजुरी. ते खोटं नाही, पण ती फक्त मधली दीडशे वर्षं आहेत. बीड-जालन्याकडच्या कितीतरी बंजारा मुलांना तर वर्तमानही तेच दिसतं. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, संसार बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये टाकून, शाळा अर्ध्यावर सोडून. चालणं त्यांचं थांबलेलंच नाही; आता माल साखर कारखान्याचा आणि कर्ज स्वतःचं. या मुलांना सांगायला हवं की तुमची माणसं कधी काळी या मुलखाची सगळ्यात मोठी वाहतूक चालवत होती, भाव ठरवत होती, फौजांशी बरोबरीने सौदे करत होती. गरिबी काचेत मांडली जाईल अशी मला भीती होती. काचेत मांडायचं ते कर्तृत्व आहे, आणि ते मुलांपासून लपून राहिलं आहे.

आता हे संग्रहालय हैदराबादेतच का, ते सांगते. इथल्या ज्या टेकड्यांना बंजारा हिल्स म्हणतात, तिथे 1930 च्या सुमारास निजामाच्या सरकारातल्या मेहदी नवाज जंग यांनी खडकांत घर बांधलं आणि पुढे हे शहरातल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांपैकी एक झालं. तिथल्या रोड नंबर 10 वर 17 सप्टेंबर 2022 रोजी सेवालाल बंजारा भवनाचं उद्घाटन झालं. या टेकड्यांवर या समाजाची आपली म्हणावी अशी सरकारी वास्तू झाली. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला, सेवालाल महाराजांच्या समाधीजवळ, 5 ऑक्टोबर 2024 रोजी नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. श्रद्धेचं केंद्र पोहरादेवी आहे, ते तिथेच शोभतं. पण मीठ, धान्य आणि फौजा यांचे रस्ते जिथे एकत्र येत होते ते गोवळकोंडा इथे आहे, दरवाजा इथे आहे. लदेणीच्या वाटांचा नकाशा इथल्या भिंतीवर लागला पाहिजे.

त्यासाठी कागद लागतील, आणि ते बरेचसे आपल्या मराठी घरांत आहेत. निजामाच्या राज्यात देशपांडे, देशमुख, कुलकर्णी असलेल्या कितीतरी घराण्यांची मोडी दप्तरं सुलतान बाजार, काचीगुडा, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), नांदेड, परभणीत माळ्यावर पडून आहेत. त्यांत जकातीच्या नोंदी, तांड्यांचे मुक्काम, नाईकांना दिलेल्या पावत्या असू शकतात. तुमच्या घरी असं बासन असेल तर ते रद्दीत घालू नका. मोडी वाचणारा माणूस शोधा, आणि मूळ कागद तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागाराकडे किंवा तुमच्या जवळच्या पुराभिलेखाकडे द्या. आणि बंजारा वाचकांना माझी विनंती आहे: जुने फेटिया आणि ओढण्या दारावर येणाऱ्या दलालाला विकू नका. तो त्याचे तुकडे करून पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवतो. आधी त्याचे फोटो काढा, कुठलं नाणं कुठे शिवलं आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. हे काम याच वर्षी सुरू करा, कारण ते सांगू शकणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.